कुलूप लावून गेलेली माणसं

मागच्या येळवशीला आमच्या शेतात एकवीस माणसं जेवायला होती, त्यातली तेरा पुण्याहून आलेली. कडब्याची कोप उभारली होती, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, पुढ्यात आंबिलाचं मडकं, भज्जीचं, म्हणजे मिसळ भाजीचं पातेलं, बाजरीचे उंडे. ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मार्गशीर्षातली ही वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडं गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. लातूर शहरातसुद्धा दुपारी गंजगोलाईत चिटपाखरू दिसत नाही.

आंबिलाचा तिसरा ग्लास संपवत माझे चुलतदीर म्हणाले, "वहिनी, या की आता पुण्याला. लातुरात काय ठेवलंय?" हाच माणूस दिवस मावळताना लिंबाखाली उताणा पडून म्हणत होता, "काही म्हणा, आपल्या मातीसारखं सुख नाही. रिटायर झालो की इथंच." दोन्ही वाक्यं मनापासूनची होती. रात्री नऊला त्यांनी गावातल्या घराला कुलूप लावलं, किल्ली नेहमीसारखी आत्याबाईंच्या हातात दिली आणि गाडी बार्शीच्या रस्त्याला लागली.

आत्याबाईंकडं, म्हणजे माझ्या सासूबाईंकडं, अशा सात किल्ल्या आहेत. एकाच गल्लीतल्या सात घरांच्या. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून. कोणती कोणाची हे फक्त त्यांनाच ठाऊक.

त्या रात्रीपासून हा लेख डोक्यात आहे, कारण तेव्हा आमच्याही घरी हाच विषय चालू होता. नवरा ज्या कंपनीत हिशेब बघतो, तिनं लातूरचं विभागीय ऑफिस पुण्याला हलवायचं ठरवलं. पुण्याला चला, पगार वाढवून देतो. नाहीतर इथल्या गोदामावर राहा, आहे त्या पगारात, आणि पुढच्या बढतीचं नाव काढू नका. मी अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, चौदा वर्षं झाली. माझी नोकरी गाठोड्यात बांधून नेता येत नाही. मुलगा अकरावीत.

अशा वेळी आपल्याकडं एक वही काढली जाते. आम्हीही काढली. वाघोलीकडं दोन बेडरूमचं भाडं किती, डिपॉझिट किती, मुलाच्या क्लासचे किती, सामान हलवायचे किती. दोन पानं भरली. मग माझ्या लक्षात आलं, की लातुरात राहण्याचा हिशेब आम्ही मांडलेलाच नाही. जाण्याला खर्च असतो, राहणं फुकट असतं, असं आम्ही दोघांनी न बोलताच धरून चाललो होतो.

मराठवाड्यातली स्थलांतराची सगळी चर्चा या कोऱ्या पानाशी येऊन अडते असं माझं मत आहे. कोणी गेला तर का गेला हे विचारतात. राहिला तर का राहिला हे कोणी विचारत नाही. राहणारा एकतर मातीवर प्रेम करणारा असतो नाहीतर मागं पडलेला असतो, आणि हे दोन्ही शब्द त्याला दुसऱ्यांनीच चिकटवलेले असतात. राहणं हाही एक निर्णय असू शकतो, त्याचीही किंमत असते, दर महिन्याला भरावी लागते, हे आम्ही धरतच नाही.

ती किंमत काय असते ते लातूरकरांना २०१६ साली कळलं. धनेगावच्या मांजरा धरणात पाणी उरलं नाही. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश लागला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर घेऊन, सुमारे ३४० किलोमीटर धावून. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. लोक स्टेशनजवळ ती गाडी बघायला गेले होते, मीही गेले होते, आणि खरं सांगायचं तर अभिमान वाटावा की लाज हे त्या दिवशी ठरत नव्हतं. आमच्या गल्लीतली दोन भाडेकरू कुटुंबं त्या उन्हाळ्यात निघून गेली. आम्ही राहिलो. का राहिलो? नोकरी होती, घर होतं, आणि जायचं कुठं हे माहीत नव्हतं. यात मातीचं प्रेम शोधू नये. टँकरसाठी पहाटे चारला उठणाऱ्या बाईला मातीचं प्रेम सुचत नाही.

आणि हेच लातूर दरवर्षी हजारो मुलांना बोलावूनही घेतं. नांदेड, परभणी, बीड, हिंगोलीची पोरं 'लातूर पॅटर्न'साठी इथं येतात, कॉट बेसिसवर राहतात, मेसचं खातात. या शहरातले किती संसार अशा आलेल्या पोरांच्या भाड्यावर चालतात ते इथला कोणीही सांगेल. आमच्या वरच्या मजल्यावर जिंतूरकडची चार मुलं आहेत. त्यांच्या भाड्यातून आमचा घराचा हप्ता जातो. तेव्हा गाव सोडण्यावर हळहळायचा लातूरकराला फारसा हक्क नाही, हे आधी कबूल करते. मीही मूळची परभणी जिल्ह्यातलीच. 'कुठं जायलीस' म्हणणाऱ्या गावातून 'कुठं जाऊलालीस' म्हणणाऱ्या गावात आले, एवढाच काय तो माझा प्रवास.

तर मग अडचण कशात आहे? लोक जातात यात नाही. माझी तक्रार अर्धवट जाण्याबद्दल आहे.

माझे हे चुलतदीर सोळा वर्षं पुण्यात आहेत. मागच्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडं राहिलो. अकरावा मजला, छान गॅलरी, आणि सकाळी सहाला खाली बघावं तर सोसायटीच्या गेटपाशी टँकर ओळीनं उभे. मला हसूच आलं. लातूरच्या टँकरला कंटाळून माणूस वाघोलीला गेला आणि तिथं दर महिन्याला मेंटेनन्सच्या बिलात टँकरचे पैसे भरतो. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, तरी टँकर काही हटलेले नाहीत. मी विचारलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावर काही बोलणं होत नाही का? तर म्हणाले, "होत असंल. मी जात नाही. आपण इथं कायमचे थोडेच आहोत, वहिनी."

सोळा वर्षं! तिथं त्यांची दोन्ही मुलं जन्मली, शाळेत गेली, मोठी झाली. आणि मतदारयादीतलं नाव अजून औसा तालुक्यात. पुण्यातल्या पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल, शाळेबद्दल त्यांनी आजवर एकदाही मत दिलेलं नाही.

मत ते गावात देतात. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की गावाकडून गाडी जाते, हे काही गुपित नाही. उमेदवार चाकण, भोसरी, हडपसर, वाघोली असा फेरा मारून आपापली माणसं गोळा करतो. पहाटे गाडी वेशीत येते, पोरं डोळे चोळत उतरतात, हॉटेलात पोहे होतात, रांग लावून मतदान होतं, ज्याच्या त्याच्या घरी पाया पडणं होतं आणि दुपारी चारला गाडी परत. आमच्या गावच्या एका वॉर्डात मागं नऊ मतांनी सीट निघाली. पुण्याची गाडी पंचवीस माणसांची होती. म्हणजे त्या वॉर्डाचा सदस्य कोण हे चाकणमध्ये ठरलं. नंतर पाच वर्षं त्या वॉर्डातली नळाची तोटी कोरडी राहिली, आणि ती कोरडी बघायला त्या पंचवीसमधलं कोणीच गावात नव्हतं. बघत होत्या त्या सुना, ज्यांची मतं त्या दिवशी कमी पडली.

गाडीत बसून येणाऱ्याला हे निष्ठेचं काम वाटतं. गावाशी नाळ तुटू दिली नाही, असं तो सांगतो. मला विचाराल तर, जिथल्या निकालाचं ऊन आपल्याला लागत नाही तिथं सावली कोणी धरायची हे ठरवू नये. आणि जिथं लागतं तिथं गप्प बसू नये. आपले लाखो लोक नेमकं उलटं करतात. त्यामुळं पुण्याच्या कडेच्या वस्त्यांना नागरिक मिळत नाही आणि मराठवाड्यातल्या गावालाही मिळत नाही. दोन्हीकडं फक्त पाहुणे.

एक उदाहरण देते. मराठवाड्याच्या मागासलेपणावर कागद कमी निघालेले नाहीत. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये विकासाचा अनुशेष मोजला. तो भरून काढायला १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. संपली ती लॉकडाऊनमध्ये, हे खरं. पण लॉकडाऊन उठल्यावरही आमच्या गावच्या पारावर त्याबद्दल कोणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही. ज्यांनी आवाज करायचा, शिकलेले, चार कागद वाचू शकणारे, ते शरीरानं पुण्यात होते आणि नावानं गावात. बीडची रेल्वे घ्या. अहिल्यानगर–बीड–परळी मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बीडहून अहिल्यानगरला गाडी धावली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं. एवढ्या काळात बीडची एक अख्खी पिढी ट्रॅव्हल्सनं निघून गेली, आणि त्यानंतर आली ती पश्चिमेकडं जायला सोयीची गाडी! (परळीपर्यंत पोचली की उलट्या बाजूनंही कोणी येईल, अशी आशा ठेवायला हरकत नाही.)

आता यावर जो आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे, आणि तो खोटा नाही. कोणी म्हणेल, बाई, तुम्ही पगारदार माणसं, तुम्हाला पूर्ण जा की पूर्ण राहा म्हणणं सोपं आहे. ज्याच्या पायाखाली काहीच पक्कं नाही त्यानं गावचं घर सोडायचं कसं?

बरोबर आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणीची माणसं दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन साखर कारखान्यांकडं ऊसतोडीला निघतात ती काही वहीत हिशेब मांडून निघत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल फिटेपर्यंत तोडत राहायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. त्यांना कारखान्याच्या गावात पाचटाच्या खोपीपलीकडं जागा नाही आणि आपल्या गावात सहा महिने काम नाही. ते अर्धवट गेलेले नसतात. त्यांना कोणी पूर्ण जाऊही देत नाही आणि राहूही देत नाही. त्यांच्यासाठी गावचं ते पत्र्याचं घर हाच विमा असतो.

२०२० च्या मार्चनंतर हे सगळ्यांनीच पाहिलं. ज्यांना गावात घर होतं ते चालत का होईना निघाले. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशातले होते आणि जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला होते. मराठवाडा म्हणजे नुसता सोडून जायचा मुलूख नव्हे, इथंही कोणीतरी घर सोडून पोट भरायला येतं, हे आपल्यातल्या पुष्कळांना त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. जालन्यानं त्यांना काय दिलं होतं? काम दिलं होतं. थांबायला जागा दिली नव्हती. पुणे आपल्याशी जसं वागतं म्हणून आपण कुरकुरतो, तसंच आपण त्यांच्याशी वागलो होतो.

म्हणून माझं म्हणणं कोयत्याला लागू नाही. ते माझ्या दिरांना लागू आहे, मला लागू आहे. ज्यांच्याकडं निवड आहे आणि जे ती टाळतात त्यांना. मजुराच्या नाइलाजाआड मध्यमवर्गानं लपू नये. मजुराला दोन्हीकडं हक्क मिळावेत अशी व्यवस्था हवीच. रेशन आता कुठल्याही गावात उचलता येतं, ही चांगली सुरुवात आहे. पोराची शाळा आणि बाईचा दवाखाना तसाच बरोबर चालला पाहिजे. पण फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्याला 'मी इथला नाही' म्हणायची मुभा असू नये.

मुळं हा शब्द मी आतापर्यंत मुद्दाम टाळला. तो शब्द वापरणारे बहुतेक पुरुष असतात असा माझा अनुभव आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित मोजले गेले, त्यातल्या दोन-तृतीयांशाहून अधिक बायका, आणि गाव सोडण्याचं सर्वांत मोठं कारण लग्न. म्हणजे या देशात गाव सोडून दुसरीकडं रुजण्याचं काम मुख्यतः बायका करतात, तेही विशीच्या आतबाहेर, कोणी न विचारता, अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशीपासून. आत्याबाई निलंग्याकडच्या. त्यांना मी विचारलं, गाव सोडताना कसं वाटलं होतं? म्हणाल्या, "मला कोण इचारलंय? नांदायला जा म्हणले, आले." आणि आज त्याच गल्लीतल्या सात घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडं आहेत. त्या घरांत जन्मलेले पुरुष पुण्यात मुळांबद्दल बोलतात, आणि त्यांचे उंबरे झाडते बाहेरून आलेली बाई.

शिवाय मुळं सगळ्यांची एकाच मातीत, एकाच खोलीवर नसतात. डॉ. आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याबद्दल जे बोलले ते अजूनही पुष्कळांना झोंबतं. खेडं हे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर आहे असा त्यांचा रोख होता. ते नुसतं बोलून थांबले नाहीत. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं आणि मराठवाड्याच्या खेड्यांतली पोरं शहरात यायला वाट झाली. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला, तेव्हा इथल्या गावांत दलित वस्त्या जळाल्या, कुटुंबं रातोरात बाहेर पडली. त्यांना 'गावाशी नाळ' वगैरे सांगायला कोणी जाऊ नये. त्यांच्यासाठी जाणं हीच सुटका होती, आणि त्यांच्यातले बहुतेक पूर्ण गेले. शहरात त्यांनी वस्ती बसवली, विहार बांधले, मतदारयादीत नावं घातली, नगरसेवक निवडून आणले. शहराचे नागरिक कसं व्हायचं हे शिकायचं असेल तर माझ्या दिरांनी वाघोलीपेक्षा संभाजीनगरच्या त्या वस्त्यांत जाऊन बघावं.

मातीचाही फार भरवसा धरू नये. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते, चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदं; ज्या घरांनी शंभर वर्षं ऊन अडवलं त्यांनीच माणसं गाडली. आमच्या घराला नुसत्या भेगा पडल्या. नंतर ५२ गावं जागेवरून उचलून दुसरीकडं वसवली. रुंद रस्ते, रांगेतली घरं. घराचा आकार ठरला जमिनीवरून: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. म्हणजे गाव नवं झालं आणि उतरंड जुनीच बरोबर आली. आत्याबाईंची धाकटी बहीण त्यातल्याच एका गावात. तिची तक्रार वेगळी होती. पत्र्याच्या शेडमधून पक्क्या घरात जायला ती दोन वर्षं भ्यायली, आणि गेली तेव्हा शेजार बदलला होता. "भिंत पडली त्याचं काही नाही," ती म्हणायची, "पण भिंतीपलीकडं हाक मारली तर कोण ओ देईल ते कळंना." हळूहळू कळलं. पंधरा वर्षं लागली म्हणे. पण ती तिथं राहिली, रोज हाक मारत राहिली, म्हणून लागली तरी पंधराच वर्षं.

नरसीचे नामदेव पंजाबात घुमानला गेले, गंगाखेडची जनाबाई पंढरपूरला गेली, एकनाथ पैठणलाच राहिले. तिघांनाही मराठवाडा आपलंच म्हणतो आणि त्यात चूक काही नाही. पण नामदेवांनी नरसीच्या घराला कुलूप लावून किल्ली शेजारणीकडं दिली होती असं कुठं वाचलेलं नाही. घुमानला अजून त्यांचं नाव घेतात, कारण ते तिथले झाले होते.

आता आमच्या वहीबद्दल. राहण्याचं पान शेवटी आम्ही भरलं. माझा पगार, जो पुण्याला गेलो तर शून्य होणार होता. आत्याबाई, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गावात एकट्या, आम्ही पस्तीस किलोमीटरवर. पोराची बारावी. दुसऱ्या बाजूला नवऱ्याची थांबलेली बढती, नळाला रोज न येणारं पाणी, मोठं आजारपण निघालं तर सोलापूर नाहीतर पुणं. बेरीज काठावरच होती. मधला एक मार्ग सगळ्यांनी सुचवला: नवऱ्यानं पुण्याला जावं, मी इथं राहावं, शनिवारी-रविवारी ये-जा. म्हणजे आमच्या घरालाही अर्धं कुलूप. मी नको म्हटलं, आणि त्यावर आमचं चांगलं आठवडाभर वाजलं. त्याचं म्हणणं, तू तत्त्वापायी माझी बढती घालवतेस. त्यात तथ्य होतं, अजूनही आहे. मी म्हटलं, जायचं तर सगळे जाऊ, मी नोकरी सोडते, आपण तिन्ही नावं तिकडच्या यादीत घालू आणि परत यायची भाषा करायची नाही. वर्षभर विचार कर. त्यानं दोनच दिवस केला. तो गोदामावर रुजू झाला. खूश आहे असं मी म्हणणार नाही.

राहायचं ठरल्यावर एक गोष्ट मात्र बदलली. आत्तापर्यंत मी लातुरात नुसती राहत होते, आता ठरवून राहते आहे. वॉर्डातल्या पाण्याच्या वेळेसाठी आम्ही सहा बायका पालिकेत तीनदा जाऊन आलो. दोनदा साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्यांदा होते, आणि त्यांनी वेळ बदलून दिली: पहाटे तीनऐवजी पाच. याला कोणी क्रांती म्हणणार नाही, पण दोन तासांची झोप परत मिळाली.

दुसरी गोष्ट किल्ल्यांची. आमच्या गावच्या उपकेंद्रातली नर्सबाई रोज औशाहून अप-डाऊन करते. शाळेतले दोन्ही मास्तरही तसेच. लोक नावं ठेवतात, की मुक्कामी राहत नाहीत, रात्री बाळंतीण अडली तर कोणाला उठवायचं? मी एकदा नर्सबाईला विचारलं. ती म्हणाली, "ताई, गावात एक खोली दाखवा भाड्याची, उद्या सामान आणते." गावात भाड्याची खोली नाही आणि एका गल्लीत सात घरांना कुलूप आहे. घर भाड्यानं दिलं तर ते आपलं राहणार नाही, अशी भीती. वर्षातून चार दिवस उघडणाऱ्या घरात पाल, वाळवी आणि आठवणी एवढंच राहतं, त्यांचं भाडं येत नाही.

गेल्या महिन्यात आत्याबाईंनी तो श्रीखंडाचा डबा माझ्यापुढं ठेवला. गुडघे दुखतात, सात उंबरे झाडणं आता होत नाही म्हणाल्या. "एकेकाला फोन लाव. म्हणावं, बाईला भाड्यानं द्या, नाहीतर किल्ली घेऊन जावा." मी सातही फोन लावले. तिघांनी घरच्यांना विचारून सांगतो म्हणून सांगितलं, दोघांनी उचलले नाहीत, आणि माझे दीर जरा रागावलेच: "वहिनी, घर आहे म्हणून तर येणं होतं ना." सातवा, भोसरीत वेल्डिंगचं दुकान असलेला, हो म्हणाला. भाडं नको, लाइटबिल भरलं तरी चालेल, फक्त देवघरातला दिवा लावत जा म्हणावं.

निळ्या दोऱ्याची ती किल्ली. नर्सबाईंचं सामान रविवारी आलं, एका छोट्या टेम्पोत मावेल एवढंच. आत्याबाईंनी डब्यातून किल्ली काढली, दोरा सोडवून घेतला आणि तिच्या हातावर नुसती किल्ली ठेवली.